आरशामागचा ओघळ

उजवा खांदा वर जाईना, आणि ज्या पोराच्या भरवशावर होतो त्यानं अकोल्यात स्वतःचा डिटेलिंग स्टुडिओ टाकला. तेव्हा मी शेडमधल्या दोन जागा सरळ गिऱ्हाइकांच्या हवाली केल्या. गन हातात घ्या, मीटर सुरू करा, मिनिटांचे पैसे द्या, गाडी तुमची तुम्ही धुवा. मूर्तिजापूरच्या हायवेवर हे नवीन होतं. "काका, पैसेबी आमीच द्याचे आन धुवाचीबी आमीच?" असं विचारणारे विचारून गेले. पण पोट्ट्यांना गन हातात आल्याची मजा वाटली, हौशी लोक रविवारी बायकापोरांसकट येऊ लागले, आणि माझं लाइटचं बिल निघू लागलं. डोकं मात्र तेव्हापासून एकाच जागी अडकलंय. धुणं संपतं आणि पाणी वाळतं, त्या मधल्या वेळात.

पूर्णेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला खारपाणपट्टा सांगावा लागत नाही. अकोला, अमरावती, बुलडाणा, तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे, असं आपलं भारतीय मानक म्हणतं. आमच्याकडच्या कितीतरी बोअर त्या दुसऱ्या आकड्यालाही जुमानत नाहीत. असं पाणी मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, काळ्या बॉनेटवर पडलं की थेंब फडक्याची वाट पाहत बसत नाही. पाणी उडतं, क्षार राहतो. पांढरं गोल कडं. त्याच दिवशी ओल्या फडक्यानं जातं. आठ-पंधरा दिवस उन्हात राहिलं की रंगात, काचेत बसतं, मग लिंबू चोळा नाहीतर पॉलिश मारा.

पूर्वी हा माझा प्रश्न होता, म्हणून तो प्रश्नच नव्हता. मी गन मारायचो, पोरगं फडकं घेऊन मागं लागलेलं असायचं. आता गिऱ्हाईक पैसे मोजून फेस मारतं. फेसावर माणसाचं फार प्रेम. अख्खी गाडी पांढरी झाली की मोबाइल निघतो, व्हिडिओ होतो, पोरगी फेसात बोटानं नाव लिहिते, तोवर मीटर संपतं आणि फेस गाडीवर वाळायला लागतो. मग घाईघाईनं पुढची मिनिटं घेतात, पाणी मारतात आणि निघतात. पुसायला कोणी थांबत नाही. वारा आहे ना, वाळते आपोआप. हो, वाळते.

सॉफ्टनर बसवा म्हणून एक विक्रेता महिनाभर मागं होता. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. क्षार जवळपास तेवढाच राहतो, डाग पडायचा तो पडतो, फक्त जरा सहज निघतो. आरओ क्षार काढतो खरा, पण आमच्या आकाराचं यंत्र जितकं गोडं पाणी देतं त्याहून जास्त खारट करून नालीत सोडतं. गनमधून मिनिटाला दहाएक लिटर पाणी जातं. सगळी धुलाई आरओवर करायची म्हणजे तुपानं भांडी घासायची.

हिशेब बसला तो शेवटच्या एका मिनिटावर. घाण, चिखल, फेस सगळं बोअरच्या पाण्यानं काढा, मग कॉक फिरवा आणि शेवटचं मिनिट आरओच्या गोड्या टाकीवर. ते मिनिट मी महाग ठेवलं नाही. यंत्राचं खारट पाणी ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती भिजवायला आणि फरशी धुवायला वापरतो. आणि शेडचा पत्रा आहेच. १०० चौरस मीटर पत्र्यावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर कागदावर ७०,००० लिटर होतात. पहिली सर धुळीची म्हणून सोडावी लागते, पन्हळ गळते, आणि तेवढी टाकी बांधायची तर शेडची जागाच जाईल. शिवाय पाणी मिळतं तेव्हा गिऱ्हाईक नसतं, कारण उद्या पुन्हा पाऊसच. तरीही दिवाळीपर्यंत ते पाणी पुरवून वापरतो. दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी रांग लागते, त्या दिवशी गोड्या पाण्याचं मिनिट मागून घेतात लोक. यांत्रिक धुलाईवाले, पेट्रोल पंपावरचे ब्रशवाले, घरी येऊन धुणारे यांच्याशी माझी जी काही बरोबरी चालते ती या एका मिनिटावर.

स्टुडिओवाल्यांबद्दल बोललो की पोटातलं बोलतोय असं वाटतं, आणि ते खोटं नाही. एसीत बसवतात, कॉफी देतात, काचेपलीकडून गाडी दाखवतात. पण सिरॅमिक कोटिंगचं जे कौतुक चाललंय, पाण्याचे कसे मोती होतात बघा, ते आमच्या पट्ट्यात उलटं पडतं. साध्या रंगावरून पाणी पसरून घसरतं. कोटिंगवर बारके थेंब जागच्या जागी गोल उभे राहतात आणि प्रत्येक जण आपापला डाग सोडून वाळतो. अशी गाडी माझ्याकडे आली की मी गिऱ्हाइकाला काही बोलत नाही. फक्त बॉनेटजवळ गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहतो.

रस्त्याचंही सांगायला हवं. अमरावती–अकोला हायवे वर्षानुवर्षं उखडलेला होता तेव्हा लोक शिव्या द्यायचे आणि मी धुळीवर पोट भरायचो. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला, गिनीज बुकात नाव गेलं. आनंदच आहे. आता अमरावतीहून निघालेली गाडी मूर्तिजापूरला मान वळवायलाही थांबत नाही.

पण मला छळतो तो आरसा. गाडी कोरडी झाली, फडकं पिळून दोरीवर टाकलं, गिऱ्हाईक काच वर करून निघालं, की डाव्या आरशाच्या बुडातून एक थेंब निघतो. घडीच्या सांध्यात लपलेलं पाणी. दारावर बारीक रेघ ओढत हँडलपाशी येतो, तिथं साचलेलं सोबतीला घेतो आणि जाडसर होऊन खाली उतरतो. गाडीनं वेग घेतला की रेघ मागं तिरपी होते. अकोला येईतो पांढरी. डिक्कीवरच्या नंबर प्लेटच्या पट्टीतून, टेललाइटच्या खाचेतून, पेट्रोलच्या झाकणाआडूनही तेच. गोडं मिनिटही इथं हरतं, कारण सांध्यात आधीचं खारं बसलेलं असतं.

मी आरसा दोनदा घडी करून उघडतो, बुडावर तळव्यानं थाप मारतो, दारं आपटतो, गाडी चार हात पुढं नेऊन ब्रेक लावायला सांगतो. कंप्रेसरची हवा आहे, पण तिच्यासोबत तेल-पाण्याचे तुषार येतात, आणि ती नळी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची माझी छाती नाही. एकानं ती कौतुकानं स्वतःच्या लेकराच्या तोंडावर धरली होती.

"गाडी तुमची तुम्ही धुवा" अशी पाटी लावलेला मी, गिऱ्हाईक चहाला गेलं की फडकं घेऊन त्याच्या आरशाशी जातो. डाव्या हातानं पुसतो, खांद्याला कळू देत नाही. पैसे मागत नाही, सांगतही नाही. फक्त अमुक ठिकाणी धुतलेली गाडी म्हणून कुणी बोट फिरवावं आणि बोटाला काही लागू नये, एवढी हाव आहे. हाव लहान नाही, मला माहीत आहे. एका बाईंनी पाहिलं तेव्हा मी पाटी पुसतोय असं दाखवलं.

अकोल्याच्या पोरानं गरम, गाळलेल्या हवेचा ब्लोअर घेतलाय असं कानावर आलं. सांध्यातलं पाणी तो म्हणे मिनिटात हुसकतो. मी फोन केला, इकडचं तिकडचं बोललो, आणि अमरावतीच्या एका ओळखीच्याला पाहिजे म्हणून किंमत विचारली.

"काका," पोरगं म्हणालं, "त्याले सांगा, आरशासाठी बारकं नोझल वेगळं मागवा लागते."