कोणती शस्त्रक्रिया?

वजन उतरविण्यासाठी शस्त्रक्रिया करावयाची, हे घरात ठरले. कोणती, हे मात्र ठरेना. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. ‘बायपास’चा आरंभ १९६६ साली अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी केला. तिच्यात जठराची इवलीशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात.

येथे इंदुरात आमच्या परिचितांचा कौल ‘स्लीव्ह’ला, ती सुटसुटीत म्हणून. माझे दुखणे निराळे. मधुमेह जुना, आणि रात्री घशाशी आंबट पाणी येऊन झोपमोड ठरलेली. ‘स्लीव्ह’ने ही जळजळ वाढू शकते, ‘बायपास’ने ती बहुधा शमते, असे डॉक्टरांनी समजावले. मात्र गोड खाल्ल्यास घाम फुटून छाती धडधडण्याचा संभव. शिवाय जीवनसत्त्वे, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर.

“म्हणजे पोह्यांबरोबरची जिलबी गेली!” हे हसून म्हणाले. मला हसू आले नाही. चाळीस वर्षांचे रविवार त्या जिलबीत होते. तरीही रात्रीची स्वस्थ झोप मला अधिक मोलाची वाटली. मी ‘बायपास’ला होकार दिला. परिचितांना मानवले ते त्यांच्या पोटाला. माझ्या पोटाचा विचार मलाच करावयाचा होता.