पाहिजे : एक डावा कोपरा

टीव्हीवर कबड्डी बघताना कॅमेरा कुणाच्या मागे असतो? चढाईवाल्याच्या. मांडीवर थाप तो मारतो, पॉइंट आणला की जर्सीवरचं नाव पण तोच दाखवतो. समोरचे सात जण म्हणजे नुसतं सेटवरचं सामान. पण ऑफसीझन आला, की टीम चालवणाऱ्या माणसाची झोप उडवतात ते हेच. पकड करणारे.

आमचं गाव उंब्रज, तालुका कराड. तारळी नदी कृष्णेला मिळते तिथलं. पुण्याहून हायवेने कोल्हापूरला जाताना तुम्ही ते बहुतेक ऐंशीच्या स्पीडने मागे टाकलं असणार :-) पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, सामने बंद पडतात आणि आमच्या आळीच्या मंडळात पुढच्या सीझनची खलबतं सुरू होतात. १५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन. त्या दिवशी मंडळाची मीटिंग ठरलेली. आम्ही पुण्यात नोकरी करणारे आठ-दहा जण दरवर्षी टीमसाठी वर्गणी काढतो आणि हिशोब माझ्याकडे असतो. त्यामुळे मीटिंगला मला बोलावणं असतंच.

यंदाचा विषय एकच. आमचा डावा कोपरा पोलीस भरतीत निवडला गेला आणि ट्रेनिंगला गेला. गावाला आनंद, टीमला खड्डा. त्याच्या शेजारी डावा कव्हर खेळणारा पोरगा चार वर्षं त्याच्याबरोबर उभा होता. आता त्याच्या बाजूला कोण?

पुण्याच्या ग्रुपवर उत्तर तयार होतं. सांगलीकडचा एक तयार खेळाडू आहे, स्पर्धेमागे पाच हजार आणि गाडीभाडं घेतो, त्याला आणू. 'जिंकायचंय ना? मग पैसे टाका.' आमच्या ऑफिसात हेच चालतं. माणूस सोडून गेला की त्याच स्किलचा दुसरा बाजारातून उचलायचा. पुढच्या सोमवारी लॅपटॉप हातात, मंगळवारी क्लायंट कॉल.

मी मीटिंगमध्ये हा निरोप पोचवला. आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, एके काळचे उजवे कव्हर. हाताची तीन बोटं आजही सरळ होत नाहीत. ते म्हणाले, "आरं, गडी चांगला हाय. म्या बघितलाय त्येचा खेळ. पर त्यो सामन्याच्या सांजच्याला येनार, आन् रातीला खेळून जानार. त्येच्या मागं उडी कोन टाकनार?"

"आप्पा, उडी टाकायला आपला कव्हर आहे की."

"त्येलाच इचार."

विचारलं. पोरगा खाली बघत म्हणाला, "दादा, मला त्याचा टायमिंग माहीत नाही. मी हात घालायचा नाही बघा."

हे जरा उलगडून सांगतो. चढाई ३० सेकंदांची. चढाईवाला कोपऱ्याकडे पाय टाकतो, कोपरा घोटा धरतो. पण एकट्या घोटा-पकडीने जोरकस माणूस थांबत नाही, तो कोपऱ्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. कोपऱ्याने हात घातला त्याच क्षणी कव्हरने धक्का द्यायला किंवा कमरेला मिठी मारायला पोचलं पाहिजे. उशीर झाला तर कोपरा बाद. आणि लवकर पोचला, पण पकड सुटली, तर? या झटापटीत ज्यांनी ज्यांनी चढाईवाल्याला हात लावला ते सगळे बाद. म्हणजे साखळीत हात घालणं हे दुसऱ्याच्या अंदाजावर स्वतःची विकेट लावणं आहे. अनोळखी माणसासाठी ती कोण लावेल?

आता प्रो कबड्डीत बघा. ही लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन सीझनला यू मुंबाकडे डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा आणि उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर होते, आणि २०१५ मध्ये त्यांनी विजेतेपद घेतलं. २०१७ मध्ये हरियाणा स्टीलर्स ही नवी टीम आली, तेव्हा तिने हे दोघेही घेतले. कोरी टीम बांधायची, तर आधी एकमेकांना ओळखणारे दोन कोपरे. मला यात पक्का हिशोब दिसतो.

तुम्ही म्हणाल, मग पुणेरी पलटणचं काय? ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात त्यांनी इराणचा डावा कोपरा मोहम्मदरेझा शादलू तब्बल २ कोटी ३५ लाखांना घेतला, आणि १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून पहिल्यांदा कप उचलला. पैसे टाकले, कप मिळाला! खरं आहे. पण शादलू तिथे पूर्ण सीझन टीमबरोबर राहिला, रोज सराव केला. आणि त्याच्या समोरची उजवी बाजू, म्हणजे कोपऱ्यात गौरव खत्री आणि कव्हरला अबिनेश नादराजन, ही मुळातच बसलेली जोडी होती.

पुढच्याच लिलावात, ऑगस्ट २०२४ मध्ये, शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने आपल्या बालेवाडीत पाटण्याला ३२-२३ हरवून कप नेला, आणि पलटण प्लेऑफमध्येसुद्धा नव्हती. कर्णधार अस्लम इनामदारची दुखापतही त्याला कारण होती, सगळं बिल एका कोपऱ्यावर फाडता येणार नाही. पण २०२५ मध्ये शादलू नसताना हीच पलटण पुन्हा फायनलला पोचली, ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून ३१-२८ अशी जेमतेम हरली. उजवीकडे तेव्हाही खत्री आणि अबिनेशच. महागडा कोपरा आला, गेला. जोडी टिकवली ती उपयोगी पडली.

हे दुखणं फक्त आपलं नाही. आमच्या क्लायंटकडचा मॅनेजर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा भक्त. तिथेही डिफेन्सवाले दोघे दोघे जोडीने बर्फावर उतरतात आणि जोडीनेच बदलतात. दरवर्षी साधारण १ जुलैला मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो आणि उजव्या हाताचा डिफेन्सवाला शोधण्यासाठी टीमा जीव टाकतात, कारण ते कमी असतात. मी त्याला आमच्या डाव्या कोपऱ्याची गोष्ट सांगितली. पठ्ठ्याला कबड्डी माहीत नाही, पण पहिला प्रश्न विचारला, 'त्याच्या जोडीदाराचं काय म्हणणं आहे?' मी गार!

तर मीटिंगमध्ये आप्पांनी एक नाव पुढे केलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, पहाटे डेअरीला दूध घालतो, बुटका, पण मनगट म्हणजे पक्कड. दोन वर्षं राखीव बसलाय. आमच्या ग्रुपचा आक्षेप होता की त्याला अनुभव नाही, आणि तो खराच होता. यंदा त्याला खेळवला तर सुरुवातीच्या दोन-तीन स्पर्धा पहिल्याच फेरीत जाऊ शकतात. बक्षिसाची रक्कम बुडणार, वर्गणीदार कुरकुरणार, आणि ती कुरकुर मलाच ऐकायची आहे.

पण दुसरी बाजू पण आहे ना. सांगलीचा खेळाडू आणला तर पुढच्या पावसाळ्यात कोपरा पुन्हा रिकामा. राखीव पोरगा तिसऱ्या वर्षी कशाला थांबेल? तो गेला की कव्हरही कंटाळणार. चांगला खेळला तर या पोरांना भरतीत, नोकरीत उपयोग होतो हे त्यांना समोर दिसलंय. त्यांच्यासाठी हा सीझन म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. आपल्याकडे अप्रेझल हुकलं तर पुढच्या वर्षी मिळतं. भरतीला वयाची अट असते.

मी पोराच्या बाजूने बोललो. बराच वेळ वाद झाला, चहा दोनदा आला. शेवटी ठरलं ते असं : बाहेरचा खेळाडू आणायचा नाही. त्याचे वाचणारे पैसे दोन ठिकाणी जाणार. शाळेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून पावसाळाभर पकडीचा सराव, आणि सगळ्या टीमचा अपघात विमा. विम्याचा मुद्दा आप्पांचा. बोटं वाकडी झाली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मीटिंग संपल्यावर कव्हरने त्या पोराला तिथेच ओसरीवर उभं केलं आणि म्हणाला, "तू घोटा धरताना आधी कुठला खांदा खाली नेतोस? उजवा? परत दाखव." पंधरा-वीस वेळा तरी दाखवून घेतलं असेल. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता.

ग्रुपवर निर्णय टाकलाय. दोघांनी 'ओके' लिहिलं, एकाने नुसताच अंगठा दाखवला, एकाने विचारलं की हरलो तर जबाबदार कोण. दिवाळीनंतर पहिली स्पर्धा आहे. निकाल काय लागेल तो कळवतोच.