न छेडलेला गांधार

वाचकहो, आज सकाळी जाग आल्याबरोबर आपल्या कानांवर पहिला आवाज कोणता पडला, हे आपणांस आठवते काय? बहुधा आठवणार नाही. मलाही गतवर्षापर्यंत आठवले नसते. अंगणातील खराट्याची खसखस, दुधाच्या पातेल्यावरील झाकणाची थरथर, माठ भरताना खालून वर चढत जाणारा पाण्याचा स्वर, हे सारे रोज आपल्या दाराशी येते आणि आपण त्याची दखलही न घेता कामाला लागतो.

गतवर्षी कानांच्या डॉक्टरांनी माझी तपासणी केली आणि श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होत असल्याचे सांगितले. वय वाढू लागले की बारीक, उंच आवाज बहुधा प्रथम निरोप घेतात. खालचे आवाज पुष्कळ दिवस सोबत करतात. आमच्या अंगणातील चिमण्या अलीकडे गप्प झाल्या आहेत, असे मला वाटत असे. चिमण्या गप्प झाल्या नव्हत्या, हे त्या दिवशी उमगले. घरी परतताना मी एक निश्चय केला. आईचा तंबोरा बारा वर्षे माडीवर गोधडीत गुंडाळून पडला होता. कान साथ देत आहेत तोवर तो दुरुस्त करून घ्यावयाचा. तो उराशी धरून मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने मिरजेस निघालो.

सांगली जिल्ह्यातील मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन. एके काळी येथे रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांच्या रुळांवरून गाड्या येत. पहाटे फलाटावर उतरलो तेव्हा चहावाल्यांची आरोळी, सामानाच्या हातगाडीची खडखड आणि निघणाऱ्या गाडीच्या डब्यांचे सांधे एकामागून एक ताणले जाण्याचा आवाज, यांनी माझे स्वागत केले. एरवी मी कपाळाला आठ्या घालून बाहेर पडलो असतो. त्या दिवशी मात्र बाकावर टेकलो आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ऐकत राहिलो.

शहरात शिरल्यावर वाद्ये बनविणाऱ्यांची वस्ती शोधावयास पत्ता विचारावा लागत नाही. कानच वाट दाखवितात. कोठे करवत चालते, कोठे लाकडावर कानस घासली जाते, आणि मध्येच एखादी तार छेडली जाऊन पुन्हा शांत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, वाद्यनिर्मितीकडे वळले. तलवारीवर बसलेला हात सतारीवर बसला. पिढ्या लोटल्या, तरी तो अद्याप चालतो आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ याच गावी स्थायिक झाले होते. वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा स्वतःचाही हात चांगला होता. १९३७ साली ते निवर्तले. येथील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात ते चिरविश्रांती घेत आहेत, आणि दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ तेथे संगीतसभा भरते.

मी ज्या दुकानात शिरलो तेथे छताला भोपळे टांगलेले होते. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे हे भोपळे खाण्याचे नव्हेत. ते वाळवितात, कापतात, पाण्यात भिजवून आतून स्वच्छ करतात आणि मग त्यांना आकार देतात. एका वृद्ध कारागिराने माझ्या तंबोऱ्यावरची गोधडी उलगडली, भोपळ्यावर बोटाच्या पेराने दोन ठिकाणी टिचकी मारली आणि मान डोलाविली. मला माझी आई आठवली. बाजारात माठ घेताना, नारळ घेताना ती अशीच टिचकी मारून ऐके. आपल्या घरोघरच्या स्त्रियांना ही विद्या कोणी शिकविली असेल?

तारा बदलून झाल्या. नंतर त्यांनी जवारीस हात घातला. ज्या घोडीवरून तारा जातात तिचा माथा किंचित गोलसर असतो. तार त्या माथ्याला ओझरती स्पर्शत राहिली की तंबोरा झंकारतो. तो उतार नेमका साधेपर्यंत घोडी अगदी हलक्या हाताने घासावयाची, तारेखाली सुताचा दोरा सारावयाचा आणि ऐकावयाचे. एक घासा आणि चार वेळा ऐकणे, असा तो हिशेब होता. दुपार टळली. कारागीर घाईत नव्हते.

तंबोऱ्याच्या चार तारांपैकी एक बहुधा पंचमाची, दोन जोडाच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. गांधाराची तार त्यात नसते. तरीही जवारी जमली की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. यात चमत्कार काही नाही. छेडलेली तार आपल्या मूळ स्वरासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्येचे स्वरही देत असते, आणि पाचपटीचा तो स्वर म्हणजेच गांधार.

"ऐकू येतो?" कारागिरांनी विचारले.

मला येत नव्हता. मी तसे सांगितले आणि कानांची हकीकतही सांगितली. त्यांनी पुन्हा एकदा कानस फिरविली, दोरा केसभर सरकविला आणि म्हणाले, "कान दांडीला लावा, साहेब. गांधार आम्ही बसवीत नाही. तो तारेत असतोच. आम्ही फक्त त्याच्या वाटेतली अडचण काढतो."

मी डोळे मिटून दांडीला कान लावला. खर्जाची तार छेडली गेली. प्रथम षड्ज आला, आणि त्याच्या पाठोपाठ, दूरच्या खोलीतून कोणी हाक मारावी तसा, गांधार आला. वरची बारीक झणझण माझ्या कानांनी बहुधा गमावली असेल. गांधार मात्र शाबूत होता. लहानपणी आईच्या मांडीशी बसून ऐकलेला तोच. मी बराच वेळ मान वर केली नाही. कारागिरांनीही तार थांबविली नाही.

वाचकहो, तेव्हापासून माझा एक नेम झाला आहे. पहाटे उठल्यावर घटकाभर डोळे मिटून बसावयाचे आणि घर ऐकावयाचे. वरणाला दिलेली फोडणी, शेजारच्या सायकलची घंटी, दोरीवर झटकलेले ओले धोतर, या प्रत्येकात ऐकण्याजोगे काहीतरी असते, आणि ते आपण घडवावे लागत नाही. आपल्या मुलांना डोळे मिटून माठ भरत आल्याचे ओळखावयास सांगा. त्यांना मोठी मौज वाटेल.

माझी नात सकाळी खिडकीशी उभी राहून मला सांगते, "आजोबा, चिमण्या बोलायला लागल्या." मग मी कान देतो. काही दिवशी ऐकू येतात, काही दिवशी येत नाहीत. आपणांस मात्र येत असतील. उद्या पहाटे अवश्य ऐका.