शेरखान कुठे गेला?

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगलीचं ‘जंगल बुक’ लागायचं. त्यातल्या दुष्ट वाघाला, शेरखानला, आवाज नाना पाटेकरांचा. तो घुमला की आम्ही भावंडं एकमेकांना चिकटून बसायचो. भीती कुणाची वाटते, हे तेव्हा पक्कं ठाऊक असायचं.

‘लायन किंग’मध्ये (१९९४) तो मान स्कारकडे गेला. सख्ख्या भावाला, मुफासाला, त्यानं दरीत लोटलं आणि छोटा सिम्बा मेलेल्या बापाच्या पंजाखाली शिरून निजला. आधीच्या पिढ्यांना ‘बॅम्बी’नं (१९४२) असंच रडवलं होतं. बर्फातून पळापळ, बंदुकीचा बार. आई पडताना दिसत नाही, शिकारी तर अख्ख्या चित्रपटात दिसत नाही. टायरस वाँग यांच्या चित्रांतून घडलेलं ते जंगल जुन्या चिनी निसर्गचित्रांच्या वळणाचं, निम्मं धुक्यात विरलेलं. आता संगणक प्राण्याचा केस न् केस दाखवतो. पण ते धुकं मला फार आठवतं.

तरीही ‘इनसाइड आउट’ (२०१५) पाहताना मी जितकी हलले, तितकी सिम्बासाठीही हलले नव्हते. त्यात शेरखान नाहीच. अकरा वर्षांच्या रायलीचं बिऱ्हाड मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला हलतं, एवढीच गोष्ट. नवं घर रिकामं, सामानाचा ट्रक अडकलेला, पिझ्झ्यावर चक्क ब्रोकोली. रात्री आई तिच्याजवळ येते. बाबांवर कामाचा ताण आहे, आपण दोघी हसतमुख राहिलो तर त्यांना बरं वाटेल, असं प्रेमानं सांगते. इथे मला धस्स झालं. ‘शहाणी गं माझी बाय’ म्हणत आपल्याकडेही किती पोरींचं रडू असंच गिळायला लावलंय! वाईट कुणीच नाही, आईसुद्धा नाही, आणि तरी पोर आतून मिटत जाते. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांना हा विषय सुचला तो त्यांची स्वतःची मुलगी त्या वयात अबोल झाल्यावर. त्यांच्याच ‘अप’मध्ये (२००९) कार्ल आणि एलीचा संसार, मूल न होण्याच्या दुःखासकट, काही मिनिटांत एका शब्दाविना सरतो. ‘टर्निंग रेड’ (२०२२) तर टोरोंटोतल्या मायलेकींच्या धुसफुशीवरच उभा आहे.

हल्ली भावना फार उलगडून सांगतात, ही तक्रार मला पटते. ‘बॅम्बी’तली ती शांतता मुलांवर जास्त भरवसा टाकायची. पण घरातली मोठी माणसं मात्र आताच्या चित्रपटांत खरी झाली. मुफासा ढगांतून प्रकट होऊन लेकाला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देतो. रायली पळून जाता जाता घरी परतते, रडत सांगते की मला आपलं जुनं घर हवंय. तेव्हा तिचे बाबा रागावत नाहीत, समजूतही घालत नाहीत. मलाही मिनेसोटाची आठवण येते, एवढंच म्हणतात.