भिडे वाडा

पुण्यात बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर, तात्यासाहेब भिड्यांचा वाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली याच वाड्यात मुलींची शाळा काढली. १ जानेवारी ही तिची तारीख आता रूढ झाली आहे. काही चरित्रकार मात्र त्याच वर्षीचा ऑगस्ट महिना देतात. पहिल्या पटावर मुली मोजक्याच. काही महिन्यांतच शाळा बंद पडली. ३ जुलै १८५१ रोजी पुन्हा मुलींची शाळा उघडली, ती चिपळूणकरांच्या वाड्यात. भिडे वाड्याच्या वाट्याला शाळा आली ती एवढीच. बाकी सगळं नाव.

पुढच्या काळात वाड्यात भाडेकरू आले, रस्त्याकडेला दुकानं थाटली गेली. जुन्या वाड्यांचं दुखणं सगळीकडे सारखंच असतं. दगडी जोतं, सागवानी खांब-तुळया आणि मधे मातीत रचलेल्या विटा. कौल सरकलं की पाणी भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकाशी मुरतं. लाकूड आतून भुसभुशीत होतं, बाहेरून मात्र रंग शाबूत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि असल्या वाड्यांची डागडुजी मालकांना परवडेनाशी झाली. मालकाने भाडेकरूकडे बोट दाखवायचं, भाडेकरूने मालकाकडे. पाऊस कुणासाठी थांबत नाही.

जवळच विश्रामबाग वाडा आहे. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या या वाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा निघाली आणि स्त्रीशिक्षणाच्या कामाबद्दल जोतीरावांचा सरकारी सत्कार १८५२ मध्ये झाला, तोही तिथेच. सरकारी ताब्यात राहिल्याने तो, १८७९ ची आग सोसूनही, उभा आहे. सत्काराची वास्तू टिकली, शाळेची नाही, यात योगायोगापेक्षा मालकी हक्काचा भाग मोठा.

भिडे वाड्यात स्मारक व्हावं ही मागणी जुनी. पण हमरस्त्यावरची, गणपतीसमोरची दुकानाची जागा कोण सहज सोडेल? महापालिकेच्या भूसंपादनाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात रेंगाळला. तोवर वरचा मजला ढासळत गेला आणि सावित्रीबाईंच्या जयंतीला, ३ जानेवारीला, लोक त्या पडक्या दर्शनी भागासमोर हार घेऊन येत राहिले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने कौल दिला. ४ डिसेंबरच्या रात्री पोलिस बंदोबस्तात वाडा पाडण्यात आला. जतनाच्या लढ्यातून जागा हाती आली, ती वाडा गमावून. स्मारक आता त्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधायचं ठरलं. जुन्या भिंती राखायच्या होत्या, तर कोर्टाच्या निकालाआधी कित्येक पावसाळे त्यांना टेकू द्यायला हवा होता.