आजीचे धवळे आणि तीन मिनिटें

आमची आजी धवलारीण आहे. ठाणे व रायगड जिल्ह्यांतील आगरी घरांचा ज्यांस परिचय नसेल, त्यांच्याकरितां सांगावयाचें म्हणजे, लग्नांतील एकेक विधि ज्या गीतांच्या सोबतीनें पार पडतो त्यांस धवळे म्हणतात. आणि ते गाऊन विधि चालविणारी स्त्री ती धवलारीण. शब्द फार जुना. महदंबेनें १३ व्या शतकांत श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर रचिलेले धवळे मराठी वाङ्मयांत प्रसिद्धच आहेत. पण आजीस महदंबा ठाऊक नाहीं. तिला हे धवळे तिच्या आत्येनें दिले.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या आंबिवलींतील एका हळदीच्या रात्रीं चुलतभावानें आजीचें गायन मोबाईलवर टिपून घेतलें. चांगलें पाऊण तासाचें गायन होतें तें. त्यांतून त्यानें तीन मिनिटें निवडलीं, लय दुप्पट केली, खालीं ढोल व बेंजो जोडला आणि तें यूट्यूबवर ठेविलें. आम्हांस तें फार आवडलें, हें आम्ही लपवीत नाहीं. शाळेच्या स्नेहसंमेलनांत आमच्या वर्गानें त्यावर नृत्यहि केलें. आजीस ऐकविलें तेव्हां ती हंसली, आणि आपण एवढ्या घाईनें कोणाचें लग्न उरकीत आहों, असें तिनें विचारलें.

खरी गोष्ट पुढेंच घडली. गेल्या उन्हाळ्यांत टिटवाळ्याच्या बाजूस आम्ही एका लग्नास गेलों होतों. धवलारीण बोलाविलेली नव्हती. हळद लागतांना ध्वनिक्षेपकांतून आजीचाच आवाज आला आणि आमची मान अभिमानानें ताठ झाली. इतक्यांत नवरीचें नांव आलें, तों तें आंबिवलीच्या नवरीचें! नवरीचें, तिच्या बापाचें, मामाचें नांव ज्या त्या लग्नाप्रमाणें घालावयाचें असतें, हें जन्मभर ऐकूनहि आम्हांस कधीं सुचलें नव्हतें. मांडवांत कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पाटावर बसलेल्या मुलीनें मात्र एकदां वर पाहिलें.

घरीं येऊन आजीस सांगितलें. "कोनाची पोर न कोनाचा मांडव!" एवढेंच बोलून ती आंत गेली.

गाणें एका जागीं राहत नाहीं, हें खरें. रशियन कवि नेक्रासोव याच्या १८६१ सालच्या कवितेवरून 'कोरोबेइनिकी' हें लोकगीत झालें. त्यांत फेरीवाला आहे, खेड्यांतील तरुणी आहे. १९८९ सालीं गेम बॉय यंत्रावरील टेट्रिस खेळांत तिची चाल आली, आणि आज जगभरचीं मुलें ती गिटारवर, पियानोवर वाजवून आंतरजालावर ठेवितात. फेरीवाल्याची त्यांतील किती जणांस आठवण असेल? उलट, 'मी डोलकर' हें शांता शेळके यांनीं लिहिलेलें व हृदयनाथ मंगेशकर यांनीं चाल दिलेलें गीत पुष्कळांस कोळ्यांचें पिढीजात गाणेंच वाटतें. मग आमच्या धवळ्यानेंच जागचें हलूं नये, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

तरी एक गोष्ट मनास लागून राहिली. गी पॉइटवाँ हे फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गृहस्थ, हेमा राईरकर व त्यांचे सहकारी यांनीं खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊं लागल्या. तेथें ओवीबरोबर गाणारीचें नांव असतें, गांव असतें. आमच्या तीन मिनिटांखालीं भावाचें नांव होतें, बेंजो वाजविणाराचें होतें, आजीचें नव्हतें.

तें आतां घातलें आहे. उरलेलीं बेचाळीस मिनिटें मात्र, मोबाईलमध्यें जागा उरली नाहीं म्हणून, भावानें केव्हांच पुसून टाकिलीं होतीं. म्हणून हल्लीं रविवारीं दुपारीं आम्ही वही घेऊन आजीपाशीं बसतों. नांवाची जागा आली कीं ती थांबते व विचारते, "कोनाचं लगीन?" कोणाचेंच नाहीं म्हटलें, तर तिला पुढचें आठवत नाहीं. मग आम्ही धाकट्या बहिणीचें नांव सांगतों. ती चिडून उठून जाते, आणि धवळा पुढें चालूं लागतो.