कागद आधी, पैसे मागून

सहकारी बँकेच्या तालुका शाखेत कर्जवसुलीच्या टेबलावर मी नोकरीची बरीच वर्षं काढली. म्हणून धाकट्या दिरांच्या क्रेडिट कार्डांची थकबाकी मिटवायची वेळ आली, तेव्हा घरच्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. आमच्या शाखेत थकबाकीदाराला निदान मॅनेजर ओळखत असे. माणूस समोर येऊन बसायचा, पिकाचं, आजारपणाचं सांगायचा, आणि त्यातून वाट निघायची. कार्डाच्या कर्जाला असा समोरचा माणूसच नसतो. रोज फोनवर नवा आवाज, आणि त्याला कालच्या आवाजाने काय कबूल केलं ते ठाऊक नसतं.

भाऊजींचा कराडजवळ मंडप-डेकोरेशनचा व्यवसाय आहे. 2020 आणि 2021 चे लग्नाचे दोन्ही मोसम टाळेबंदीत गेले. कामगारांच्या उचली आणि गोदामाचं भाडं मात्र थांबलं नाही. हाताशी दोन कार्डं होती. ओळखीच्या दुकानात एक कार्ड स्वाइप करायचं, दुकानदाराने कमिशन कापून रोख द्यायची आणि त्या रोखीतून दुसऱ्याचं बिल भरायचं, असं त्यांनी दीड-दोन वर्षं चालवलं. व्यापारी लोकांत हे सर्रास चालतं. 2022 च्या अखेरीस दोन्ही कार्डांची मर्यादा संपली आणि ही फिरवाफिरवी थांबली.

"वहिनी, मी दर महिन्याला मिनिमम भरत होतो हो, तरी बाकी तिथल्या तिथेच," असं ते सारखं म्हणायचे. मी कागदावर मांडून दाखवलं. मोठ्या कार्डावर जवळपास दोन लाख बाकी. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज 7,000 रुपये, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 1,260. पाच टक्के मिनिमम म्हणून 10,000 भरले, तर मुद्दलातून उतरले 1,740. शिवाय मागचं बिल पुरतं भरलेलं नसलं की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. ज्या दिवशी डिझेल भरलं त्या दिवसापासून व्याज. हा हिशेब पाहून ते बराच वेळ बोलले नाहीत.

एवढं व्याज कायद्यात कसं बसतं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. मला ते अजूनही खटकतं. पण व्याजदराशी भांडून थकबाकीदाराच्या हाती काही लागत नाही. भांडायचं ते नोंदींवर, एकेका ओळीवर.

म्हणून पहिलं काम, सगळी स्टेटमेंटं छापून घेणं. जेवणाच्या टेबलावर ती पसरली आणि जाऊबाईंना घेऊन बसले. खरेदीला निळी खूण, व्याजाला लाल, उशिराच्या दंडाला हिरवी. दुपारभर आम्ही खुणा करत होतो. त्यात विम्याच्या नावाने दरमहा चारशेच्या आतबाहेर रक्कम कापलेली सापडली. असा विमा भाऊजींनी कधी मागितला नव्हता. ग्राहकाची स्पष्ट संमती असल्याशिवाय कार्डासोबत विमा गळ्यात मारता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत आहे. संमतीचा पुरावा दाखवा नाहीतर रक्कम परत करा, असं पत्र बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती मुदत संपायच्या आत रक्कम उलटी जमा झाली. आकडा मोठा नव्हता. पण या घरात कागद वाचणारं कोणीतरी आहे, हे बँकेला कळलं, आणि पुढच्या बोलण्यात त्याचा उपयोग झाला.

वसुलीच्या फोनची भाषा मला पाठ आहे. "मॅडम, आजच्या आज दोन लाख चाळीस भरा, संध्याकाळी सहाला ऑफर बंद होते." तोवर व्याज आणि दंड धरून बाकी सव्वातीन लाखांवर गेली होती, त्यामुळे दोन लाख चाळीस ऐकून भाऊजींचा जीव खालीवर झाला. ते बायकोचे दागिने सोनाराकडे न्यायला निघाले होते. मी थांबवलं. सहाला बंद होणारी ऑफर दुसऱ्या महिन्यात परत येते, बहुतेकदा कमी होऊन. फोनवरच्या मुलाला स्वतःहून सूट द्यायचा अधिकार फार थोडा असतो, आणि तोही पगार तुटू नये म्हणून धडपडत असतो. मी त्याला कधी आवाज चढवून बोलले नाही. नाव, एजन्सी, बँकेचं अधिकारपत्र विचारायचं आणि जे असेल ते ईमेलवर पाठवा म्हणायचं. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला वसुली एजंटांना मनाई आहे, नातेवाइकांना-शेजाऱ्यांना लाजवायलाही मनाई आहे. एकाने रात्री सासूबाईंच्या नंबरवर फोन केला, तेव्हा वेळेसकट लेखी तक्रार गेली. मग रात्रीचे फोन बंद झाले.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. त्या काळात अडचणीचं पत्र लिहिलं. दोन वर्षांची विवरणपत्रं आणि बँक पासबुकाच्या प्रती जोडल्या, मोसम कधी असतो आणि हातात पैसा कधी येतो ते सांगितलं. देण्याची इच्छा आहे, ऐपत इतकी आहे, असं सरळ. अनेकांनी सल्ले दिले. कोणी म्हणालं, तीन वर्षं तोंड लपवा, दाव्याची मुदत संपते. बँक त्याआधी दावा टाकू शकते, आणि मधे काही रक्कम भरली किंवा लेखी कबुली दिली की मुदत नव्याने मोजली जाते, हे असले सल्लागार सांगत नाहीत. फी घेऊन सेटलमेंट करून देणाऱ्यांचेही फोन आले. ते जे करतात ते कर्जदाराला स्वतः करता येतं. तीच फी थकबाकीत भरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

2024 च्या फेब्रुवारीत लोकअदालतीची नोटीस आली, दाखलपूर्व प्रकरण म्हणून. न्यायालयाचं नाव पाहून जाऊबाईंनी जेवण सोडलं. कार्डाची बाकी थकणं हा मुळात दिवाणी मामला आहे, आणि ही नोटीस म्हणजे तडजोडीला या, एवढंच, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. मला मात्र त्या नोटिशीने बरं वाटलं. मार्चअखेर जवळ होती, जुनी खाती निकाली काढायची घाई बँकेलाही होती, आणि पहिल्यांदाच समोर हाडामांसाचा माणूस येणार होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकलेली माणसं, बँकांच्या नावांचे कागद चिकटवलेली टेबलं. बँकेचा प्रतिनिधी तरुण होता, यादीवर बोट फिरवत बोलत होता. एक लाख नव्वदवर सुरुवात झाली. मी रंगीत खुणांची स्टेटमेंटं पुढे ठेवली आणि मिनिममच्या नावाने व्याजात किती गेले ते दाखवलं. त्याने बाहेर जाऊन फोन लावला, परत आला, पुन्हा गेला. एक लाख पंचवीसवर जमलं. खरा प्रश्न हप्त्यांचा होता. त्याला तीन सारखे हप्ते हवे होते. मी मार्चमध्ये 25,000, एप्रिल आणि मे महिन्यांत प्रत्येकी 50,000 असे मागितले, कारण मंडपवाल्याच्या हाती पैसा लग्नसराईतच येतो. हे मी ताणून धरलं त्याला कारण आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. न झेपणारा हप्ता तिथे सही करून घेतला, तर सुटका व्हायच्या ऐवजी फास बसतो. पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी भाऊजींनाच विचारलं, "जमेल ना?" ते म्हणाले, "मेपर्यंत जमतं, साहेब." तसंच लिहिलं गेलं.

निवाड्याची प्रत आणि बँकेचं सेटलमेंटचं पत्र हातात येईपर्यंत मी एक रुपया भरू दिला नाही. पत्रात कार्डाचे शेवटचे चार अंक, रक्कम, तारखा, आणि यानंतर काही येणं राहणार नाही हे वाक्य असायलाच हवं. एजंटाने मधेच आपला यूपीआय नंबर पाठवला, तिकडे पैसे गेले नाहीत. प्रत्येक हप्ता कार्डाच्याच खात्यावर, आणि पावती फाइलीला.

धाकट्या कार्डाची बाकी 38,000 होती. तीवरही सूट मिळत होती, ती आम्ही घेतली नाही. बाकीचे हप्ते पाडून घेतले आणि पूर्ण फेडलं. तडजोडीने मिटलेल्या खात्यावर क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो, तो वर्षानुवर्षं दिसतो. पूर्ण फेडलेलं खातं 'क्लोज्ड' म्हणून नोंदतात. ज्याला पूर्ण फेडणं शक्य आहे त्याने सूट घेऊ नये, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मोठ्या कार्डाला आम्हाला तो पर्याय नव्हता.

जूनमध्ये नो ड्यूजचं पत्र आलं, तरी अहवालात पावसाळा सरेपर्यंत जुनी थकबाकी दिसत होती. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, त्यामुळे हे कळलं तरी. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम अर्जात लिहून दिला. बाकी शून्य झाली, शेरा राहिला.

गेल्या वर्षी नवं कापड आणि लोखंडी सांगाडा घ्यायला भाऊजींनी कर्ज मागितलं. बँकेने शेरा पाहून नकार दिला. गावातली पतसंस्था दोन जामीनदारांवर तयार झाली. जामीनपत्र मी घरी आणून सगळं वाचलं, व्याज आणि दंडाची कलमं भाऊजींना मोठ्याने वाचायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या जामीनदाराच्या जागी सही केली.